फुकट दिली तरी नको

साडूची सायकल ट्रकखाली गेली ती माझ्यामुळे. मी ती ढकलली वगैरे नव्हती. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि त्या दिवशी एका आजोबांचा नवा चष्मा घरपोच द्यायचा होता. साडू दुकानात चहा पीत बसला होता, त्याची सायकल दाराशी होती. पाच मिनिटांत येतो म्हणालो आणि घेऊन गेलो. आजोबांच्या घरासमोर टेकवायला भिंत होती, पण ती लांब होती. जवळ होता तो एक मालाचा ट्रक. मी सायकल त्याच्या पाठीला टेकवली. ट्रक ही हलणारी वस्तू आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं नंतर सगळ्यांनी मला वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. आजोबांच्या कानांवर काड्या नीट बसवून मी बाहेर आलो, तोवर ट्रक मागे येऊन गेला होता. सायकलची दोन्ही चाकं एकमेकांसमोर आली होती. मिटून ठेवलेल्या चष्म्यासारखी दिसत होती ती. चष्मेवाल्याला दुसरं काय सुचणार?

साडू आला. त्याने सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "घंटी चांगली आहे." खिशातून पाना काढला, घंटी सोडवली, खिशात टाकली. झालं. मी नवी घेऊन देतो म्हटलं, तर नको म्हणाला. बारा वर्षं झाली होती तिला, कधीतरी जाणारच होती. दुसऱ्या दिवसापासून तो पायी कामाला जायला लागला. तो रागाचं एक अक्षर बोलला नाही, आणि हेच मला खुपलं. चार शिव्या दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

साडू हे नातंच मोठं अवघड. भाऊ जन्माने मिळतो, मित्र आपण जोडतो, आणि साडू एकाच घरात दुसऱ्या दाराने आलेला असतो. एका सासरचे दोन जावई म्हणजे एका भिंतीवरची दोन घड्याळं. एकाकडे पाहिलं की दुसरं किती मागे आहे ते लगेच कळतं. आमच्या सासूबाई त्या भिंतीकडे दिवसातून चारदा तरी पाहतात.

तो पाणीखात्यात मीटर वाचतो. हे काम तुम्हाला वाटतं तसं बसल्या जागेचं नाही. पाण्याचं मीटर जमिनीत, खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली असतं. झाकणावर लोक कुंडी ठेवतात, मोडकी खुर्ची ठेवतात, कुत्रा बांधतात. साडू कुंडी उचलतो, कुत्र्याची समजूत काढतो, उकिडवा बसतो, रुमालाने काच पुसतो आणि आकडा मोठ्याने वाचतो. मग तोच आकडा पुन्हा एकदा वाचतो आणि मगच लिहितो. दिवसाला शंभर-सव्वाशे घरं, आणि प्रत्येक घरी दोनदा. ही सवय आता हाडीमासी गेली आहे. लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा तो दोनदा वाचतो. थर्मामीटरवरचा ताप दोनदा वाचतो. माझ्या मुलीचे गणितातले गुणही त्याने भर बैठकीत दोनदा वाचले होते. एकदा वाचून भागलं असतं.

कुणाच्या घरी पाहुणे ठाण मांडून आहेत, कुणाचा नळ गळतो, कोण गेले पंधरा दिवस घरात नाही, हे सगळं त्याला मीटरवरून कळतं. पण सांगेल तर शपथ. सासूबाईंनी शेजारणीच्या आकड्यासाठी त्याला वर्षानुवर्षं खोदून पाहिलं. "आकडा ज्याचा त्याचा असतो, आई," एवढंच तो म्हणतो. मी असतो तर पहिल्या चहालाच सगळी गल्ली सांगून मोकळा झालो असतो. म्हणूनच मला तो माणूस थोडा खटकायचा. पण तोवरची माझी असूया किरकोळ होती, सर्दीसारखी. यायची आणि जायची.

ती मुरली मोटारसायकलीमुळे.

आमच्या भागात गुरांचे एक डॉक्टर होते. निवृत्त झालेले. तीस वर्षं ते एकाच मोटारसायकलीवरून गोठ्यागोठ्यांतून फिरले. काळी टाकी, गोल दिवा, आणि आवाज असा की जणू कुणीतरी शांतपणे मान हलवत 'हो, हो, हो' म्हणतंय. मी शाळेत असताना ती रस्त्याने गेली की वहीवरून मान वर करायचो. वडिलांनी मला मोटारसायकल कधी घेऊ दिली नाही. मग दुकान घराखालीच झालं आणि गाडीची गरज उरली नाही. पण गरज गेली म्हणून इच्छा थोडीच जाते? डॉक्टर गाडी विकताहेत असं कळलं, त्या दिवशी मी एका बाईंना दूरच्या चष्म्याच्या जागी जवळचा दिला.

जुनी गाडी घ्यायची तर जाणकार बरोबर हवा. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी साडूला म्हटलं, चला, तुम्ही मीटरवाले, तुम्हाला कोणी फसवणार नाही. तो बिचारा दिवसभर पायपीट करून आलेला, तसाच आला.

डॉक्टरांनी शेडचं दार उघडलं. गाडी पुसून उभी होती. मी आधी मीटर पाहिलं. शेहेचाळीस हजार तीनशे बारा. तीस वर्षांत एवढंच? तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "त्याच्या आधी एक धरा. मीटरला पाचच घरं आहेत. एकदा पूर्ण फिरून शून्यावर आलंय."

म्हणजे एक लाख शेहेचाळीस हजार. माझं तोंड उतरलं आणि डोकं चालायला लागलं. डोकं चाललं नसतं तर बरं झालं असतं. मी मनाशी म्हटलं, हाच मुद्दा धरून घासाघीस करायची. मी गाडीभोवती फिरलो, जीभ टाळूला लावून च्यक् च्यक् केलं आणि म्हणालो की एवढी चाललेली गाडी म्हणजे भाकड गाय. गुरांच्या डॉक्टरांना हे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता जबडा उघडायला सांगतात की काय असं वाटलं.

इकडे साडू हँडलवरच्या मीटरवर वाकला होता. रुमाल काढून त्याने मीटरची काच पुसली आणि आकडा वाचला, आधी एक धरून. मग पुन्हा वाचला आणि वहीत तारखेसह लिहून घेतला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. समोर मीटर आलं की हा वाचणार. डॉक्टर मात्र त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. साखळी कधी बदलली, इंजिन कधी उघडलं, चढाला काय करायचं, असं बोलायला लागले. माझ्याशी एवढं बोलले नव्हते.

मग मी बाजारातली जुनी युक्ती काढली. तुम्हाला माहीत आहेच ती. वस्तू हवीच असते, पण 'नको' म्हणून चालू लागायचं. विकणारा मागून हाक मारतो आणि भाव उतरवतो. मी "नको बुवा" म्हणालो आणि फाटकाकडे निघालो. अगदी हळू चालत होतो, हाक नीट ऐकू यावी म्हणून. वाटेत एकदा बूट बांधला. त्याला नाडी नव्हती.

मागून हाक आली, पण ती साडूची होती. "तुम्हाला नक्की नको?"

मला वाटलं, वा! गडी तयार आहे, मला साथ देतोय. डॉक्टरांनी ऐकावं म्हणून मी खणखणीत आवाजात म्हणालो, "फुकट दिली तरी नको!"

मी फाटकाबाहेर दहा मिनिटं उभा होतो. आतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. 'हो, हो, हो' करत ती बाहेर आली आणि तिच्यावर साडू होता. माणसांची युक्ती वगैरे या गृहस्थाला कळत नाही. तो समोर दिसेल तो आकडा लिहितो. मी नको म्हणालो होतो, त्याने नको लिहून घेतलं होतं. आणि हे करताना त्याच्या डोळ्यांवर चष्मा माझ्या दुकानातला होता. म्हणजे जी गाडी मला नीट दिसली नाही, ती त्याला माझ्याच काचांतून दिसली. "बसा," तो म्हणाला, "घरी सोडतो." मी चालत आलो.

बायकोला वाटलं मी आजारी आहे. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "पण तुम्हीच म्हणालात ना, फुकट दिली तरी नको?" मी युक्ती समजावून सांगितली. ती म्हणाली की बरं झालं, भावोजींना पायी फिरावं लागत होतं, आणि ते का फिरावं लागत होतं हे तिने सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी पावणेनऊला तो आवाज दुकानावरून जायचा. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावून मी आवाजाकडे कान देत असायचो. आज खोकते का? अडखळते का? एखादा नटबोल्ट तरी सुटल्यासारखा वाजतो का? लोक देवाकडे मुलाबाळांचं भलं मागतात, मी साडूच्या गाडीचा क्लच तुटावा म्हणून मागत होतो. देवाने कधी लक्ष दिलं नाही. दुसऱ्याचं वाईट मागणाऱ्यांची रांग तिकडेही लांब असणार.

घरातही फितुरी झाली. माझी मुलगी क्लासला मावशीच्या यजमानांच्या मागे बसून जायला लागली. सासूबाईंचं तर विचारूच नका. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, तर गेल्या त्याच गाडीवरून, एका बाजूला पाय टाकून, महाराणीसारख्या, माझ्या दुकानावरून. घरात चष्म्याचा माणूस आहे हे त्या विसरल्या होत्या. जाताना हात मात्र केला. "गादीवर बसल्यासारखं वाटतं हो," त्या संध्याकाळी मलाच सांगत होत्या.

मध्ये एकदा माझा दिवस आला होता. गाडी आल्यावर साडूला टेकडीवरची नवी वस्ती दिली होती. तिथे एक म्हातारे घड्याळजी एकटेच राहतात. दोन वाचनांमध्ये त्यांच्या मीटरचा काटा हलला नव्हता. साडूने दार वाजवलं, उत्तर नाही. त्याने परत फेरी मारली, संध्याकाळी पुन्हा जाऊन मीटर पाहिलं, दोनदा वाचलं, आकडा तोच. मग चार शेजारी गोळा केले आणि दार फोडलं. आत कोणी नव्हतं. भिंतीवरची घड्याळं टकटक करत होती, बस्स. तासाभराने घड्याळजी पिशवी घेऊन हजर. लेकीकडे गेले होते महिनाभर.

ही बातमी मला कळली तेव्हा मी दुकानात सर्वांना चहा पाजला. दार फोडणारा मीटरवाला! मी हे इतक्या जणांना सांगितलं की सांगता सांगता मला दोन नवे तपशील सुचले, तेही घातले. पण आनंद दीड दिवसच टिकला. तिसऱ्या दिवशी ते घड्याळजी माझ्याकडे काच बदलायला आले. मी सहानुभूतीने दाराचा विषय काढला. म्हातारबुवांचा चेहरा उजळला. म्हणाले, महिनाभर मी नव्हतो हे गावात एका तरी माणसाच्या लक्षात आलं. दार काय, नवं बसवलं. आता ते प्रत्येकाला हेच सांगत फिरतात. साडूला त्यांनी मनगटी घड्याळ भेट द्यायचा घाट घातला होता, ते त्याने घेतलं नाही. न घेतल्यामुळे पुन्हा त्याचंच कौतुक. या माणसाची चूकसुद्धा सरळ पडत नाही.

तेव्हा मी ठरवलं, आपणही गाडी घ्यायची, आणि या वेळी साडूला बरोबर न्यायचं नाही. दुनियेत एकटाच काय तो शहाणा नाही. मी जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. ओळीने उभ्या होत्या, तुळतुळीत. मी लाल रंगाची निवडली. मीटरवर चोवीस हजार. एक लाख शेहेचाळीस कुठे आणि चोवीस कुठे! मी हा फरक रस्ताभर मनात वजा करत आलो. सरळ साडूच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला.

मेव्हणी बाहेर आली, छान आहे म्हणाली. साडू आला आणि मीटरवर वाकला. काच पुसली, आकडा वाचला. पण दुसऱ्यांदा वाचला नाही. त्याची नजर खाली गेली, ब्रेकच्या पायपट्टीवर, मग पाय ठेवायच्या रबरावर, मग किल्लीच्या भोकावर. पायपट्टीवरच्या रेघा झिजून ती नाण्यासारखी गुळगुळीत झाली होती. किल्लीचं भोक एवढं सैल, की पेन्सिलनेही गाडी सुरू झाली असती. मी हे सगळं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या नजरेमागून.

"काय?" मी विचारलं.

"छान रंग आहे," तो म्हणाला.

"मीटरचं काय?"

तो सरळ झाला, रुमालाची घडी केली. "मीटर नवं आहे," म्हणाला. "गाडी नाही."

मी हसून उडवून लावलं. जळतात लोक, असंही बायकोला म्हणालो. यावर ती इतका वेळ हसली की मी दुसऱ्या खोलीत गेलो.

लाल गाडी एकोणीस दिवस चालली. विसाव्या दिवशी भर दुपारी पुलाच्या मधोमध तिने एक हुंदका दिला आणि थांबली. मी किका मारून घामाघूम झालो. मागून बसवाले, टेंपोवाले, सगळे मला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि मग लांबून आवाज आला, 'हो, हो, हो.' मी पुलाच्या कठड्याकडे तोंड करून नदी पाहत उभा राहिलो, गाडी आपली नव्हेच अशा थाटात. पण गाडी लाल होती.

साडूने काही विचारलं नाही. मला बसायला सांगितलं, मागे आला, माझ्या गाडीच्या मागच्या पायदांडीवर आपला डावा पाय टेकवला आणि निघाला. त्याची एक लाख शेहेचाळीस हजारवाली, खरं तर एव्हाना दीड लाख ओलांडलेली, माझ्या चोवीस हजारवालीला बाजारातून ढकलत नेत होती. मी हँडल धरून बसलो होतो. वाटेत माझं दुकान आलं, क्लासची मुलं आली, आणि सासूबाईंची गॅलरी आली. त्या गॅलरीतच होत्या. त्यांनी हात केला, तो मला नव्हता.

गॅरेजात मेकॅनिकने इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, ही दोनेक लाख तरी चालली असेल." तो दुसऱ्या गाडीकडे वळला. आम्ही दोघं बाकावर बसलो. समोर माझी गाडी तुकड्या-तुकड्यांनी फडक्यावर मांडलेली, आणि दाराशी ती काळी, उन्हात टकटक करत निवत उभी.

तिथे मला राहवलं नाही. इतके महिने घशाशी आलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, साडूभाऊ, खरं सांगतो, तुमची गाडी मला हवी आहे. पहिल्यापासून हवी होती. शाळेत होतो तेव्हापासून. मी नको म्हणालो ती युक्ती होती, फाटकाबाहेर मी हाकेची वाट बघत उभा होतो. तुम्हाला तिथे मीच नेलं होतं. तुमच्या क्लचसाठी मी देवाला साकडं घातलं होतं, हेही सांगून टाकतो. घड्याळजींच्या दाराची गोष्ट गावभर केली ती मीच. मी असा माणूस आहे. पण आता मला झोप लागेनाशी झाली आहे. सासूबाई, पोरगी, बायको, सगळ्यांच्या तोंडी तीच. तुम्हाला मी नवी कोरी, शोरूममधली घेऊन देतो, शून्य आकड्याची. पहिला आकडा तुम्हीच वाचा. तुमचं काही नुकसान नाही. नवी येईपर्यंत फार तर महिनाभर चालावं लागेल. फक्त ती मला द्या.

साडूने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही मान हलवली नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाला,

"मी चालायला लागलो, की तुम्हाला माझ्या चपला हव्या होतील."